आउटसोर्सिंग आणि ऑफशोरिंग: मालक बदलतो की गाव?

मी आणि माझा मामेभाऊ एकाच वर्षी इंजिनिअर झालो. तो पुण्यात एका अमेरिकन बँकेच्या ऑफिसात आहे. मी इथेच नागपुरात, आयटी पार्कजवळच्या एका छोट्या कंपनीत. मागच्या महिन्यात प्रतापनगरला साखरपुड्याला दोघं एकाच पंगतीत बसलो होतो, तर मोठे मामा म्हणाले, "काऊन रे, तुमच्या दोघायचं आउटसोर्सिंग बंद होऊन राहिलं म्हणते?"

आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. कारण त्याचं काम आउटसोर्सिंग नाहीच, ते नुसतं ऑफशोरिंग. माझं मात्र दोन्ही. मामांना हा फरक पंगतीत काही समजावता आला नाही (वाढपी मठ्ठा घेऊन डोक्यावर उभा होता), म्हणून इथे.

आउटसोर्सिंग म्हणजे काम दुसऱ्या कंपनीला देणं. ऑफशोरिंग म्हणजे काम दुसऱ्या देशात नेणं. पहिल्यात कामाचा मालक बदलतो, दुसऱ्यात कामाचं गाव. भारतात हे दोन्ही बहुतेक वेळा जोडीनेच आले, म्हणून आपल्याला ते एकच वाटतात.

वेगळे पाहायचे असतील तर पासपोर्ट सेवा केंद्रात जा. तिथे 'ए' काउंटरवर तुमचा फोटो आणि बोटांचे ठसे घेणारा टीसीएस या खासगी कंपनीचा माणूस असतो. 'बी' आणि 'सी' काउंटरवर कागद तपासणारे आणि पासपोर्ट मंजूर करणारे सरकारी. म्हणजे सरकारने काम बाहेर दिलं, पण ते देशाबाहेर गेलं नाही. हे आउटसोर्सिंग, ऑफशोरिंग नव्हे. आता उलट टोक: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळूरला स्वतःचं डिझाइन केंद्र काढलं. माणसं त्यांचीच, पगार त्यांचाच, फक्त देश दुसरा. हे ऑफशोरिंग, आउटसोर्सिंग नव्हे.

आणि एका रात्रीत एकाचं दुसरं कसं होतं ते पाहायचं तर जनरल इलेक्ट्रिकचं उदाहरण. त्यांनी १९९७ मध्ये भारतात स्वतःचं बॅक-ऑफिस सुरू केलं. २००४ च्या अखेरीस त्यातला ६० टक्के हिस्सा ५० कोटी डॉलरला विकला आणि पुढे तीच कंपनी जेनपॅक्ट झाली. खुर्ची तीच, काम तेच, गिऱ्हाईकही तेच. पण काल जे घरचं काम होतं ते आज बाहेर दिलेलं झालं.

आता स्वस्ताईकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे. ही स्वस्ताई आली ती गावामुळे, म्हणजे ऑफशोरिंगमुळे. आपल्या आणि अमेरिकेच्या पगारातला फरक, बस. आउटसोर्सिंगने उलट थोडी महागाईच होऊ शकते, कारण मध्ये एक कंपनी आली की तिचा नफाही आला. तरी लोक ते करायचे, कारण इथे येऊन जागा, वीज, परवाने, भरती हे सगळं स्वतः करण्यापेक्षा कोणाच्या तरी गळ्यात टाकणं सोपं होतं. आणि काम संपलं की करारही संपला.

वायटूकेचं, म्हणजे सन २००० उजाडण्याआधीच्या कोडदुरुस्तीचं काम, हा त्याचा सुवर्णकाळ. लाखो ओळी कोड, त्यात वर्ष दोन आकड्यांत लिहिलेलं, ते चार आकड्यांत चालेल असं करायचं. प्रश्न पूर्ण माहीत, उत्तर पूर्ण माहीत, फक्त हात हवे होते. अशा कामात तासाचा दर कमी म्हणजे काम स्वस्त, हे गणित बरोबर बसतं. प्रश्नच नीट माहीत नसेल तेव्हा ते बिघडतं.

आमच्याकडचीच गोष्ट सांगतो. शिकागोकडच्या एका गोदाम कंपनीसाठी आम्ही हजेरीचं सॉफ्टवेअर केलं. जाण्याची वेळ वजा येण्याची वेळ म्हणजे कामाचे तास. कराराला जोडलेल्या कागदात हेच वाक्य होतं, आम्ही तसंच लिहिलं, चाचण्या पास झाल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे रात्री दोन वाजता घड्याळं एक तास मागे घेतात. रात्री दहा ते सकाळी सहाच्या पाळीतल्या माणसांनी त्या रात्री नऊ तास काम केलं. आमच्या सॉफ्टवेअरने आठ मोजले. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एकाने पगाराची चिठ्ठी पाहून तक्रार केली, तेव्हा कळलं.

घड्याळं मागे होतात हे आम्हाला माहीत नव्हतं का? होतं की. त्या आठवड्यापासून आमचा साडेसातचा कॉल साडेआठला होतो आणि जेवण गार होतं, एवढं पक्कं माहीत होतं. पण घड्याळ मागे झालं की कुणाची तरी रात्र लांबते, हे नागपुरात बसून डोक्यातच येत नाही. इथल्या कुणाच्या बापाने कधी घड्याळ मागे केलेलं नाही. माझा एक मित्र इथल्या कळमना बाजारातल्या अडत्याचं बिलिंग करतो. तो दोन सकाळी गादीवर जाऊन बसला आणि अडत, हमाली, तोलाई कशातून कधी वजा होते ते डोळ्यांनी पाहून आला. कागदावर ते अर्धंही नव्हतं. शिकागोच्या गोदामात रात्रपाळीला आम्ही कोण जाणार?

इथपर्यंत जे झालं ते ऑफशोरिंगचं दुखणं, अंतराचं. पुढे झालं ते आउटसोर्सिंगचं.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. वेळ घड्याळातली न साठवता जागतिक वेळ (यूटीसी, जी कधी मागेपुढे होत नाही) साठवायची आणि तास तिच्यावरून काढायचे. पण गिऱ्हाईक म्हणे हा बग आहे, फुकट दुरुस्त करा. आमचे साहेब म्हणे कागदात लिहिल्याप्रमाणे केलंय, हा बदल आहे, याचे वेगळे पैसे. अकरा दिवस मेल, तीन कॉल, दोन्हीकडच्या मॅनेजरांचे तास. तेवढ्या वेळात आम्ही ते पाच वेळा बदललं असतं. तासाचा दर स्वस्तच होता, फक्त तास कशावर गेले ते पाहा. कोडिंगचे तास कोटेशनमध्ये दिसतात. 'हे कोणी भरायचं' यावर जाणारे तास कुणीच मांडत नाही.

मामेभावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "चूक आमच्याकडेही झाली असती, भांडण झालं नसतं." त्याच्याकडे पगार खात्याची बाई त्याच ग्रुपवर असते, आणि तिचा मालक आणि याचा मालक एकच. अर्थात त्याच्याकडेही साडेआठचा कॉल आहेच. अंतर कुणाला चुकत नाही.

म्हणून मला वाटतं मोठ्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत गाव ठेवलं आणि मधला माणूस कमी करायला घेतला. नॅसकॉम ही आयटी कंपन्यांची संघटना आणि झिनोव्ह ही सल्लागार कंपनी यांच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये भारतात परदेशी कंपन्यांची स्वतःची १७०० हून जास्त केंद्रं होती आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसं. यातली काही तर आधी भारतीय कंपनीने उभी करायची, चालवायची आणि मग सोपवायची, अशाच करारावर होतात. जेनपॅक्टच्या बरोबर उलटा प्रवास.

माणसं टिकणं हा दोघांनाही भेडसावणारा भाग, पण दर कमी ठेवून चालणाऱ्यांना जास्त. २०२२ च्या जानेवारी ते मार्च तिमाहीत इन्फोसिसने मागच्या बारा महिन्यांचा गळतीचा दर २७.७ टक्के सांगितला होता. चारातला एक जातो, तेव्हा त्याच्यासोबत गिऱ्हाइकाच्या न लिहिलेल्या शंभर गोष्टी जातात. नव्याला त्या पुन्हा शिकवायच्या, आणि शिकायचे तास कुणाच्या बिलात टाकायचे यावर पुन्हा बैठक.

नागपूर विमानतळाजवळच्या मिहान या उद्योगक्षेत्रात आज टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, आणि 'नागपूर पुण्यापेक्षा स्वस्त पडतं' हे इथे अभिमानाने सांगितलं जातं. मला त्या वाक्याची जरा धास्तीच वाटते. हे तेच पगाराच्या फरकाचं गणित, फक्त देशाच्या आत. दहा वर्षं काम केलेला माणूस पुण्याला निघून गेला की खाली उरतात ती नवीन पोरं, आणि स्वस्त गावात फोर्कलिफ्टवाल्याची रात्र समजणारा कुणी उरत नाही. मामांचा प्रश्न त्या अर्थाने चुकीचा नव्हता, फक्त 'दोघायचं' हा शब्द चुकला.

आमच्या कोटेशनच्या फॉर्मवर आता पहिलाच प्रश्न असतो: तुमच्याकडे घड्याळं मागेपुढे होतात का? परवा ॲरिझोनाच्या एका गिऱ्हाइकाने 'नाही' लिहून पाठवलं. खरंच आहे, त्या राज्यात होत नाहीत. दर ठरला, सही झाली. मग कळलं की त्यांचा एक डेपो त्याच राज्यात, नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या भूमीवर आहे, आणि तिथे होतात.