लिम्फोमातील उत्स्फूर्त उपशम

लिम्फोमा हा लसीका पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा, कर्करोग. त्याच्या गाठी उपचार न करता, किंवा रोग हटवायला अपुऱ्या अशा उपचारांनंतर, अंशतः वा पूर्ण विरल्या, तर त्याला उत्स्फूर्त उपशम म्हणतात. एव्हरसन आणि कोल या शल्यचिकित्सकांनी १९६६ मध्ये सर्वच कर्करोगांसाठी केलेली ही व्याख्या आजही वापरली जाते.

बहुतेक कर्करोगांत ही घटना अतिशय दुर्मीळ आहे; मंद वाढणाऱ्या लिम्फोमात मात्र तशी नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील हॉर्निंग आणि रोझेनबर्ग या डॉक्टरांनी १९८४ मध्ये ८३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यावर सुरुवातीला उपचार न करता केवळ लक्ष ठेवले होते. त्यांपैकी १९ जणांच्या गाठी आपोआप आक्रसल्या. लक्षणे नसलेल्या फॉलिक्युलर लिम्फोमात (मंद वाढणाऱ्या लिम्फोमाचा एक प्रकार) घाईने औषधे सुरू न करण्याच्या धोरणाला अशा निरीक्षणांनी मोठे बळ दिले.

कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. रोगप्रतिकारशक्ती पुन्हा जागी होणे, हे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण. काही रुग्णांत तीव्र संसर्गानंतर किंवा बायोप्सीनंतर गाठी विरल्याच्या नोंदी आहेत. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्यांत उद्भवलेला लिम्फोमा ते औषध थांबवताच ओसरू शकतो, पण तेथे कारण हाती असल्याने त्याला काटेकोर अर्थाने उत्स्फूर्त म्हणणे योग्य नाही. स्टेरॉइडची बाब अधिक फसवी आहे. दम्यासाठी किंवा पुरळासाठी घेतलेल्या गोळ्यांनीही लिम्फोमाच्या गाठी तात्पुरत्या लहान होतात, म्हणून औषधांचा इतिहास तपासल्याशिवाय असा दावा स्वीकारू नये. मूळ निदान बायोप्सीने सिद्ध झालेले असणेही तितकेच आवश्यक.

सीटी स्कॅनमध्ये गाठीचा आकार कळतो, तर पेट-सीटीमध्ये ती किरणोत्सर्गी खूण लावलेले ग्लुकोज किती शोषते, हे दिसते. गाठ उरली तरी तिच्यात केवळ तंतुमय ऊती असू शकतात. त्यामुळे आकारापेक्षा शोषण अधिक बोलके ठरते. डोव्हिल या मोजपट्टीत गाठीतील शोषण यकृतातील आणि छातीच्या मध्यभागातील रक्तवाहिन्यांतील शोषणाशी ताडून १ (सर्वांत कमी) ते ५ (सर्वाधिक) गुण दिले जातात. संसर्ग, दाह किंवा नुकतीच घेतलेली लस यांमुळेही लसीका ग्रंथी स्कॅनमध्ये उजळतात, तर काही मंद लिम्फोमा, विशेषतः माल्ट (जठरासारख्या अवयवांच्या अस्तरातील लसीका ऊतींत होणारा) प्रकार, फारसे उजळतच नाहीत. म्हणून पहिला स्कॅन जपून ठेवावा आणि पुढचे शक्यतो त्याच पद्धतीने करावेत.

स्कॅन स्वच्छ आला म्हणजे रोग मुळापासून गेला, असे नाही. उपशम काही महिने टिकतो, क्वचित अनेक वर्षे. गाठी पुन्हा वाढल्या, तर शक्य असल्यास सर्वाधिक शोषण असलेल्या जागेची बायोप्सी घेतात, कारण मंद लिम्फोमाचे तेथे आक्रमक प्रकारात रूपांतर झालेले असू शकते.