मार्था मॅकटीअर : पत्रांतून उलगडणारे कौटुंबिक जीवन

मॅकटीअर, मार्था : (सु. १७४२–३ ऑक्टोबर १८३७). आयर्लंडच्या उत्तर भागातील बेलफास्ट येथील पत्रलेखिका. माहेरचे आडनाव ड्रेनन. डॉक्टर, कवी व राजकीय लेखक विल्यम ड्रेनन (१७५४–१८२०) हा तिचा धाकटा भाऊ. मार्था, तिचा पती सॅम्युअल आणि विल्यम यांच्यातील १७७६ ते १८१९ या काळातील पत्रव्यवहारापैकी हजाराहून अधिक पत्रे टिकून राहिली असून ती बेलफास्टच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिस ऑफ नॉर्दर्न आयर्लंड या अभिलेखागारात आहेत. अठराव्या शतकातील आयर्लंडमध्ये एका मध्यमवर्गीय शहरी स्त्रीचा संसार, तिची माणसे, तिचे आजार आणि तिची मते इतक्या सलगपणे पाहण्याची संधी अभ्यासकांना क्वचितच मिळते. मात्र ही सलगता काहीशी फसवी आहे, कारण हे कुटुंब जेव्हा विखुरलेले होते तेव्हाचेच जीवन या पत्रांत उतरले आहे.

मार्थाचे वडील टॉमस ड्रेनन हे बेलफास्टच्या रोझमेरी स्ट्रीटवरील प्रेस्बिटेरियन मंडळीचे धर्मोपदेशक होते. राजमान्य अँग्लिकन पंथाबाहेरील प्रेस्बिटेरियनांवर त्या काळी अनेक कायदेशीर बंधने होती, त्यामुळे त्यांचे मुलगे उच्च शिक्षणासाठी बहुधा समुद्रापलीकडे स्कॉटलंडला जात. विल्यम ग्लासगोला आणि पुढे वैद्यकशास्त्रासाठी एडिंबरोला गेला व १७७८ मध्ये तेथून डॉक्टर होऊन बाहेर पडला. मुलींसाठी विद्यापीठाचे दार बंदच होते. तरीही पुस्तके, वृत्तपत्रे आणि प्रवचनांवरील चर्चा यांत वाढलेल्या या घरात मार्थाचे वाचन भावाच्या तोडीचे झाले. ड्रेनन दांपत्याच्या मुलांपैकी मार्था, नॅन्सी आणि विल्यम हे तिघेच मोठे झाले. १७६८ मध्ये वडील वारले तेव्हा विल्यम तेरा-चौदा वर्षांचा होता आणि मार्था त्याच्यापेक्षा सुमारे बारा वर्षांनी मोठी होती. सुरुवातीच्या पत्रांतील तिचा सूर म्हणूनच निव्वळ बहिणीचा वाटत नाही. ती त्याच्या तब्येतीची काळजी वाहते, त्याच्या लेखनाला उत्तेजन देते आणि तो हातचे राखून लिहू लागला की त्याची कानउघाडणीही करते.

विल्यम आधी एडिंबरोत, नंतर न्यूरी या गावी आणि १७८९ च्या अखेरीपासून डब्लिनमध्ये राहिला. पत्रव्यवहार टिकला तो या अंतरामुळे. डब्लिन–बेलफास्ट मार्गावर टपालाची घोडागाडी त्याच १७८९ मध्ये धावू लागली. टपालहशील बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावे लागे आणि ते कागदांच्या संख्येवर ठरत असे. संसदसदस्यांना टपाल माफ असल्याने त्यांच्या सहीचे कागद मिळवण्याची लोकांची धडपड चाले. पत्राला स्वतंत्र लिफाफा नसे. तोच कागद दुमडून, लाखेची मोहोर करून, वर पत्ता लिहिला जाई. अशा परिस्थितीत कागदाचा कोपरा न् कोपरा भरून लिहिण्याची सवय लागे आणि गंभीर राजकारणाच्या शेजारीच पत्त्यांच्या डावाची, पाहुण्यांची किंवा नव्या कपड्यांची वार्ता येई. पत्त्यांच्या खेळाची मार्थाला मनापासून आवड होती, हेही या पत्रांमुळेच कळते.

मार्थाने १७७३ मध्ये सॅम्युअल मॅकटीअर याच्याशी विवाह केला. तो मेणबत्त्यांचा व्यापारी होता आणि पहिल्या विवाहापासून त्याला एक मुलगी होती. मार्थाला स्वतःचे मूल झाले नाही. सावत्र मुलीचे संगोपन, सॅमच्या धंद्यातील ओढगस्ती, पुढे त्याला बेलफास्ट बंदरात मिळालेले बॅलास्टमास्टरचे (जहाजे स्थिर ठेवण्यासाठी तळाशी भरायच्या भाराची व्यवस्था पाहणाऱ्याचे) काम आणि अपुऱ्या मिळकतीत घराची राखायची प्रतिष्ठा, हे विषय तिच्या लिखाणात पुनःपुन्हा येतात. वैद्यकीय सल्लाही टपालानेच चाले. बहीण लक्षणे कळवी आणि भाऊ उपचार सुचवी, त्यामुळे शरीर आणि मन यांविषयी ती ज्या मोकळेपणाने लिहिते तो मोकळेपणा समकालीन स्त्रियांच्या लेखनात सहसा आढळत नाही. पती-पत्नींचे नाते मात्र आडूनच पाहावे लागते. दोघे एका छपराखाली राहत असल्याने त्यांनी एकमेकांना लिहिण्याची गरज एरवी पडत नसे, आणि वाचकाला दिसतो तो बहिणीने भावाला सांगितलेला संसार. १७९५ मध्ये सॅम वारल्यानंतर, वैधव्य आणि पैशाची चिंता एकत्र आलेल्या काळात, पत्रे अधिक थेट होतात.

या कुटुंबात घरगुती आणि राजकीय यांची फारकत करता येत नाही. २१ मे १७९१ रोजी विल्यमने सॅमला, म्हणजे आपल्या मेव्हण्याला, लिहिलेल्या पत्रात एका गुप्त बंधुसंघाची कल्पना मांडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेलफास्टमध्ये युनायटेड आयरिशमेन ही राजकीय सुधारणेची मागणी करणारी संघटना स्थापन झाली आणि तेथील शाखेचा पहिला अध्यक्ष सॅम झाला. आयर्लंडच्या इतिहासातील या महत्त्वाच्या दस्तऐवजाचा जन्म अशा रीतीने नात्यातल्या पत्रव्यवहारात झाला. जून १७९४ मध्ये विल्यमवर राजद्रोही लेखनाबद्दल खटला भरला गेला. जॉन फिलपॉट करन या वकिलाने त्याचा बचाव केला व तो निर्दोष सुटला, परंतु प्रसूतितज्ज्ञ म्हणून जमवलेल्या त्याच्या व्यवसायाला या प्रकरणाची झळ लागली. टपालात पत्रे फोडली जातात या धास्तीमुळे नंतरच्या वर्षांत भावंडे जपून लिहू लागली आणि महत्त्वाचा मजकूर विश्वासू माणसाच्या हाती पाठवू लागली. ब्रिटिश सत्तेविरुद्ध याच संघटनेने केलेल्या १७९८ च्या उठावाच्या सुमाराची पत्रे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. त्या वेळच्या मौनाचे कारण उदासीनता हेच असेल असे नाही.

पत्रांच्या प्रकाशनात मात्र ही फारकत झालेली दिसते. डी. ए. चार्ट यांनी १९३१ मध्ये या पत्रांची एकखंडी निवड प्रसिद्ध केली. साहजिकच तिच्यात राजकीय मजकुराला प्राधान्य मिळाले आणि दीर्घकाळ मार्था ही प्रामुख्याने ‘ड्रेननची बहीण’ म्हणून ओळखली गेली. जीन अ‍ॅग्न्यू यांनी संपादित केलेली तीन खंडांची आवृत्ती १९९८–९९ मध्ये आल्यावर बाळंतपणे, लस निघण्यापूर्वीच्या पद्धतीची देवीची टोचणी, वारसाहक्काची प्रतीक्षा, मोलकरणी आणि शेजारी हे सारे पुन्हा आपापल्या जागी आले. बेलफास्टमध्ये गरीब स्त्रियांच्या प्रसूतीसाठी १७९३ च्या सुमारास निघालेल्या ह्यूमेन फीमेल सोसायटीची मार्था चिटणीस होती, आणि काही गरीब मुलींना ती स्वतः वाचायला शिकवत असे. भाऊ प्रसूतितज्ज्ञ आणि बहीण प्रसूतिगृहाची चिटणीस, हा योगायोग नसावा, असे पत्रे सलग वाचल्यावर वाटते.

कौटुंबिक दृष्टीने संग्रहातील सर्वांत समृद्ध भाग विल्यमच्या विवाहानंतरचा आहे. फेब्रुवारी १८०० मध्ये त्याने इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील सेरा स्वॉनिक हिच्याशी विवाह केला. पुढच्या वर्षी टॉमस हा पहिला मुलगा झाला आणि बाल्यावस्थेतच तो बेलफास्टला आत्याकडे राहायला आला. निपुत्रिक मार्थाच्या हाती साठीच्या उंबरठ्यावर एक लहान मूल आले. त्याचे बोलणे, त्याचे हट्ट, त्याचे आजार आणि त्याची प्रगती ती डब्लिनला कळवू लागली. मुलगा आईवडिलांपासून दूर असल्यामुळेच त्याचे बालपण इतक्या बारकाईने कागदावर आले, आणि त्याच घरात आईवडिलांसह वाढणाऱ्या मुलाविषयी असे लिहिले गेले नसते. नणंद आणि भावजय यांच्यातील अवघडलेपणही येथे जाणवते, कारण मुलावर हक्क कोणाचा हा प्रश्न उघडपणे न मांडताही तो ओळींमागे उभा असतो. टॉमस १८१२ मध्ये वारला.

मार्था यंग या नातलग स्त्रीकडून मालमत्ता मिळाल्यावर विल्यम १८०७ मध्ये बेलफास्टला परतला आणि भावंडे जवळ आली. पत्रव्यवहार तेव्हा विरळ होतो. म्हणजे कुटुंब खऱ्या अर्थाने एकत्र नांदले ती वर्षेच पत्रांत सर्वांत अंधुक आहेत, आणि मार्थाचे शेवटचे अठरा वर्षांचे आयुष्य या मालिकेच्या बाहेर राहते. आईजवळ राहिलेल्या नॅन्सीची पत्रेही संग्रहात थोडीच आहेत. तिच्याविषयी जे कळते ते बहुतांशी मार्थाच्या शब्दांत असल्याने मोठ्या बहिणीच्या मतांचा रंग त्यावर असणारच.

एका कुटुंबावरून साऱ्या आयरिश स्त्रियांविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. मार्थाच्याच शहरातील मेरी ॲन मॅक्रॅकन (१७७०–१८६६) हिने डब्लिनच्या तुरुंगात असलेल्या भावाला, हेन्री जॉय मॅक्रॅकन याला, लिहिलेली पत्रे टिकली आहेत. तो १७९८ मध्ये फाशी गेला आणि त्याच्या मुलीला तिने सांभाळले. या दोन्ही स्त्रिया इंग्रजी लिहिणाऱ्या, सुस्थितीतील प्रेस्बिटेरियन घरांतल्या होत्या. याच काळातील कॅथलिक, आयरिश भाषिक स्त्रियांच्या बाबतीत साधने वेगळीच असतात. केरी परगण्यातील डेरिनेनच्या ओकॉनेल घराण्यातली आयलीन डव हिच्याविषयीची कौटुंबिक माहिती मुख्यतः तिच्या भावांच्या पत्रांतून मिळते, तर १७७३ मध्ये मारल्या गेलेल्या पतीसाठी तिने रचलेला विलाप लोकांच्या तोंडून उतरवून घेतला गेला.