कौशल्यार्जनातील एकाग्रता

नवे कौशल्य अंगवळणी पडेपर्यंत, रोजच्या व्यवहारातील व्यत्ययांमधूनही अवधान सरावावर टिकवून धरणे, याला कौशल्यार्जनातील एकाग्रता म्हणता येईल. एका विषयाकडे नीट लक्ष द्यायचे तर इतर विषयांकडून ते काढून घ्यावे लागते, हे विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच स्पष्ट केले होते.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्यार्जनाच्या तीन अवस्था मांडल्या. पहिलीत प्रत्येक कृती विचारपूर्वक करावी लागते, दुसरीत चुका कमी होऊन कृतींचे दुवे जुळतात आणि तिसरीत कृती जवळजवळ आपोआप घडते. टंकलेखन शिकणारा नवखा एकेक अक्षर शोधत असतो. मुरलेला टंकलेखक हात चालू ठेवून शेजाऱ्याच्या प्रश्नाला उत्तरही देऊ शकतो. फोनची घंटा दोघांनाही सारखीच ऐकू येते, पण नवख्याचे सगळे अवधान अक्षरे शोधण्यातच गुंतलेले असल्याने त्याचा धागा तुटतो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, तर शिकण्याच्या त्या टप्प्याचा स्वभाव आहे. नवखा मात्र बहुधा स्वतःलाच दोष देतो आणि पुष्कळांचे शिकणे तिथेच थांबते, ही खरी हानी आहे.

व्यत्ययाची किंमत त्यात गेलेल्या मिनिटांपुरती नसते. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग आधीच्या कामातच रेंगाळतो आणि पुढच्या कामाचा दर्जा घसरतो, असे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले. या उरलेल्या गुंतवणुकीला त्यांनी अवधानाचा अवशेष म्हटले. म्हणून सरावाला बसण्यापूर्वी हातातील काम एखाद्या ठिकाणी पुरते थांबवणे, किंवा ते पुढे कुठून सुरू करायचे हे लिहून ठेवणे, उपयोगी ठरते.

व्यत्यय आतूनही येतात. १८९७ मध्ये ब्रायन आणि हार्टर यांनी तारायंत्रावर संदेश घ्यायला शिकणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा प्रगतीच्या आलेखात एक सपाट टप्पा आढळला : सराव चालू असूनही वेग वाढत नव्हता, आणि काही काळाने तो पुन्हा वाढू लागला. असा टप्पा आला की कंटाळा येतो, मन भरकटते आणि एरवी किरकोळ वाटणारी कामे अचानक तातडीची भासू लागतात.

उपायांमध्ये इच्छाशक्तीपेक्षा आखणीवर अधिक भर द्यावा, असे या संशोधनावरून वाटते. एकसुरी निरीक्षणाच्या कामात अचूकता पहिल्या अर्ध्या तासातच घटते, असे नॉर्मन मॅकवर्थ यांच्या १९४८ मधील प्रयोगांत आढळले होते; सलग, लांबलचक बैठकीवर विसंबू नये, याला त्यातून पुष्टी मिळते. विभागून केलेला अभ्यास अधिक टिकतो, हे तर हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच नोंदवले होते. ‘अमुक वेळ झाली की अमुक जागी बसून अमुक सराव करायचा’ असा नेमका बेत मोघम निश्चयापेक्षा पाळला जाण्याची शक्यता अधिक असते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे हा उपाय साधा आहे, पण मोह समोर आल्यावर आवरण्याचे कष्टच त्यामुळे वाचतात.

कौशल्य आपोआप घडू लागल्यावर अवधान मोकळे होते आणि किरकोळ व्यत्यय फारसे बाधत नाहीत. मात्र ज्याला आणखी प्रगती करायची आहे, त्याला नेमका कच्चा भाग निवडून त्यावर पुन्हा जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वर्णन केलेला हेतुपूर्वक सराव तो हाच. त्यातील थकव्यामुळे निष्णात वादकही तो दिवसाला काही तासांपलीकडे करत नाहीत.