जुन्या गाडीचं टायमिंग आणि इंजिनचा आवाज : इंजिन खोलायच्या आधी हे वाचा

पद्मिनी, अँबॅसेडर नाहीतर कार्बोरेटरवाली मारुती 800 अजून चालवणारे बरेच जण आमच्या गॅरेजमध्ये एकच वाक्य घेऊन येतात, "इंजिन आवाज करतंय, हाफ इंजिन (म्हणजे इंजिन खोलून केलेली मोठी दुरुस्ती) करावं लागेल असं सांगितलंय." आमचं स्पष्ट म्हणणं आहे की आधी पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), टायमिंग आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग आणि त्यांचा गॅप) बघा, इंजिनला हात सगळ्यात शेवटी लावा. यातल्या कितीतरी गाड्यांचा आवाज डिलकोचा (डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग) नट ढिला करून तो थोडा फिरवला की जातो, आणि तिथेच कुणी इंजिन खोललं तर हजारो रुपये जातात आणि आवाज मात्र तसाच राहतो, कारण दोष इंजिनात नव्हताच.

टायमिंग म्हणजे काय तर प्लगला ठिणगी कधी पडते ते. पिस्टन पूर्ण वर पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडावी लागते कारण पेट्रोल पेटून जोर धरायला वेळ लागतो. 3000 आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला 100 ठिणग्या पडतात, त्यामुळे चार-पाच डिग्रीचा फरकसुद्धा चालवताना लगेच जाणवतो. स्पीड वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी, ते काम डिलकोच्या आतली स्प्रिंग लावलेली दोन वजनं आणि बाहेरचा व्हॅक्यूम पाइप करतात. वजनं गंजून अडकली की गाडी स्लोला एकदम छान आणि हायवेला मेलेली. व्हॅक्यूमची रबरी नळी तडकली की अॅव्हरेज पडतं आणि कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

टायमिंग अॅडव्हान्स झालं असेल, म्हणजे ठिणगी फारच आधी पडत असेल, तर चढाला कळतं. खंबाटकी घाटात पद्मिनी चौथ्या गिअरलाच ठेवून अॅक्सिलेटर दाबला की डब्यात चणे हलवल्यासारखा खुळखुळ आवाज येतो, पाय उचलला की लगेच बंद. गरम गाडीला सेल्फ मारला की इंजिन उलटा झटका देतं तेही यातलंच. याकडे दुर्लक्ष करू नका, महिनोनमहिने असं चालवलं तर पिस्टन आणि हेड गॅस्केट खरंच जातात. पण गिअर उशिरा उतरवायची सवय असेल, हेडमध्ये कार्बन साचला असेल किंवा चुकीचा प्लग लावला असेल तरी अगदी हाच आवाज येतो, म्हणून आम्ही टायमिंग दोन-तीन डिग्री मागे घेऊन त्याच चढावर परत गाडी चालवून बघतो. आवाज गेला तर तो नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल नीट न पेटता झटका बसण्याचा होता, बेअरिंगचा नव्हता.

उलट टायमिंग रिटार्ड असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर आवाज फारसा नसतो म्हणून लोक तशीच गाडी चालवत राहतात. पिकअप नाही, टेंपरेचर चढतं, पेट्रोल जास्त खाते, कधी सायलेन्सरमध्ये फटाका फुटतो. पॉइंटवाल्या गाडीत हे आपोआप होत जातं, कारण पॉइंटची फायबरची टाच डिलकोच्या आत फिरणाऱ्या कॅमवर (उंचवटे असलेल्या दांड्यावर) घासून झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. डिलकोची कॅप काढून बघितलं तर एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टोक आलेलं असतं, कॅमवरचं ग्रीस वाळून गेलेलं असतं. गॅप फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) साधारण 0.4 ते 0.5 मिमी लावायचा (नक्की आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातून) आणि मग टायमिंग. आधी टायमिंग आणि मग गॅप असं केलं तर केलेलं टायमिंग वाया.

नुसत्या कानावर टायमिंग लावू नका. पुलीच्या खुणेवर खडू ओढायचा, एक नंबर सिलिंडरच्या प्लगच्या वायरला टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावायचा आणि बघायचं, खूण जागच्या जागी स्थिर दिसायला हवी. ती पुढेमागे नाचत असेल तर डिलकोचा बुश किंवा टायमिंग चेन झिजलीय, मग कितीही वेळा टायमिंग लावा, टिकणार नाही. मारुती 800 मध्ये चेनऐवजी असलेला टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर पिकअप गेला असेल तर बेल्ट एक दात चुकलाय का ते पहिलं बघा.

आता बाकीचे आवाज. हलका टिकटिक, लोड असो नसो सारखाच, तो बहुतेक टॅपेट. तसाच टिकटिक थंड इंजिनला जास्त आणि गरम झाल्यावर कमी, तर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग लीक असू शकतं, खूप जण त्याला टॅपेट समजून टॅपेट टाइट करत बसतात आणि व्हॉल्व्ह जाळून घेतात. जड टकटक येतेय, ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय आणि एका सिलिंडरची ठिणगी बंद केल्यावर आवाज कमी होतोय, तर मात्र कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, तिथे गाडी लगेच बंद करा आणि टो करूनच आणा. ही ठिणगी बंद करायची टेस्ट घरी करू नका, शॉक जोरात बसतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर मॉड्यूल उडू शकतं.

येताना आम्हाला एवढं सांगा की आवाज थंड असताना येतो का गरम, चढाला का स्लोला, आणि शेवटचं काम काय झालं होतं. शक्य असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. थंड इंजिनचा आवाज असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, सकाळचा पहिला सेल्फ आम्ही स्वतः मारू.