कॉर्नियाच्या पेशी आणि वाढते वय : चिनी डोळ्यांतील नोंदी

डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या आतील बाजूस पेशींचा एकच थर पसरलेला असतो. एंडोथेलियम नावाच्या या थरातील पेशी डोळ्यातील द्रवातून कॉर्नियात झिरपणारे पाणी सतत बाहेर उपसत राहतात. हा उपसा थांबला, तर कॉर्निया फुगून धुरकट होतो. माणसाच्या शरीरात या पेशी जवळजवळ विभागतच नाहीत. एखादी पेशी मेली की शेजारच्या पेशी पसरून तिची जागा भरून काढतात, आणि म्हणूनच वयाच्या खुणा इथे स्पष्ट उमटतात.

चीनमधील निरोगी डोळ्यांत या पेशी वयानुसार कशा बदलतात, याचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्पेक्युलर मायक्रोस्कोपने, म्हणजे परावर्तित प्रकाशातून हा थर दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने, घेतलेल्या छायाचित्रांवरून पेशी मोजल्या गेल्या आणि त्यांची सरासरी घनता चौरस मिलिमीटरला सुमारे २,९०० आढळली. ही घनता वर्षाला साधारण ०.३ टक्के घटत होती. या गतीने विसाव्या वर्षी चौरस मिलिमीटरला ३,००० पेशी असलेल्या माणसाकडे सत्तरीत अडीच हजारांहून अधिक पेशी उरतात. कॉर्निया फुगू लागण्याची वेळ बहुधा घनता पाचशेच्या आसपास उतरल्यावर येते, त्यामुळे केवळ वयापोटी होणारी ही घट निरोगी माणसाला आयुष्यभर जाणवतही नाही.

मला मात्र संख्येइतकाच पेशींचा आकार महत्त्वाचा वाटतो. तरुण डोळ्यात बहुतेक पेशी षटकोनी आणि जवळपास सारख्या मापाच्या दिसतात. वय वाढते तसे षटकोनी पेशींचे प्रमाण घटते, सरासरी क्षेत्रफळ वाढते आणि लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ होते. दोन डोळ्यांची घनता सारखी असूनही ज्याच्या पेशी अधिक विस्कळीत आहेत, त्याच्या एंडोथेलियमवर अधिक ताण पडून गेला असण्याची शक्यता असते.

भारतीय डोळ्यांच्या अशाच एका अभ्यासात सरासरी घनता सुमारे २,५०० आढळली होती, घटीचा दर मात्र तोच, ०.३ टक्के. एवढी तफावत असताना एका समाजाचे आकडे दुसऱ्यावर लादणे योग्य नव्हे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत यातील काही पेशी हमखास नष्ट होतात; रुग्णाकडे मुळात किती शिल्लक आहेत आणि त्याच्या वयाला तेवढ्या पुरेशा आहेत का, हे शस्त्रक्रियेआधी ठरवताना त्याच्याच समाजातील निरोगी डोळ्यांचे वयानुसार आकडे हाताशी असावे लागतात.