नोझलपासून मावळ्यापर्यंत

दिवाळीच्या किल्ल्यावर मातीच्या मावळ्यांच्या जोडीला आता प्लास्टिकचे आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेले रेझिनचे मावळेही दिसतात. वॉरगेमिंगवाली, म्हणजे छोट्या सैनिकांच्या लढाया टेबलावर खेळणारी मंडळी तर वर्षभर इंच-सव्वा इंचाचे सैनिक रंगवत बसलेली असतात. या सगळ्यांना प्रायमरची पायरी चुकत नाही. गुळगुळीत प्लास्टिकवर पाण्यातले ॲक्रिलिक रंग नीट धरत नाहीत, म्हणून आधी स्प्रे कॅनमधून करड्या नाहीतर काळ्या प्रायमरचा पातळ हात द्यायचा. काम पाच मिनिटांचं. पण बिघडलं की मावळ्याच्या चेहऱ्यावर वाळूसारखी खरखर येते, कुठे पांढुरकी झाक, कुठे ओघळ, तर कुठे आठवड्यानंतरही बोटाला चिकटणारा थर. मग ‘कॅन बोगस निघाला’ असा निकाल लागतो आणि पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानदाराचा उद्धार होतो.

माझ्या मते कॅनचा दोष त्यातला फार थोडा. नोझलमधून निघालेला थेंब मूर्तीवर पोचून सुकेपर्यंत त्याच्यातलं द्रावक, म्हणजे रंग पातळ ठेवणारा द्रव, सतत उडत असतं. ते कुठे आणि किती वेगानं उडालं, यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं. त्यामुळे दोष नीट बघितला तर थेंबाचं घोडं वाटेत कुठे पेंड खात होतं, हे बऱ्यापैकी ओळखता येतं.

डब्यात रंगाशिवाय बरंच काही भरलेलं असतं. थर धरून ठेवणारी राळ, रंगद्रव्याची पूड, राळ विरघळवणारी दोन-तीन द्रावकं आणि दाबाखाली द्रवरूप झालेला वायू. हा वायू म्हणजे बहुधा प्रोपेन-ब्युटेन किंवा डायमेथिल ईथर. १९४९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सीमोर यांनी ॲल्युमिनियमचा रंग अशा डब्यात भरला, तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. नोझल दाबलं की द्रवरूप वायू बाहेर पडताक्षणी उकळतो आणि सोबतच्या रंगाच्या चिंधड्या उडवतो. थेंब बारीक होतात ते यामुळे.

आत जे उकळतं ते डब्यातलीच उष्णता घेऊन. सलग स्प्रे मारला की कॅन हाताला गार लागतो, तो त्यामुळे. आणि गार झालं की दाब उतरतो. निव्वळ ब्युटेनचा बाष्पदाब १० अंश सेल्सिअसला बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दीडपट असतो आणि ३० अंशांना पावणेतीनपटीच्या पुढे जातो. डिसेंबरच्या सकाळी गच्चीवर गारठलेला कॅन घेऊन उभं राहिलं, की बारीक तुषारांऐवजी नोझल थुंकू लागतं आणि मूर्तीवर ठिपके पडतात. कॅन कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवला की दाब परत येतो. फक्त कोमट पाण्यात. उकळत्या पाण्यात, गॅसजवळ किंवा मे महिन्याच्या उन्हात कॅन ठेवायचा नाही. ५० अंशांची मर्यादा डब्यावर छापलेली असते आणि आतला वायू ज्वालाग्राही असतो.

डबा हलवणं ही दुसरी दुर्लक्षित गोष्ट. पांढऱ्या आणि करड्या प्रायमरमधलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड असतं, त्यामुळे ते तळाशी जाऊन घट्ट बसतं. आतल्या गोळीचा खडखडाट सुरू झाल्यावर पुढे दोन मिनिटं हलवत राहायला हवं. खडखडाट ऐकू आला म्हणजे मोहीम फत्ते, असं समजणारे बरेच असतात. त्यांना सुरुवातीला पाणचट राळ मिळते आणि शेवटी नोझल तुंबवणारा गाळ.

आता हवेतला प्रवास. थेंबातलं द्रावक त्याच्या पृष्ठभागावरून उडतं आणि सुकायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा असेल तर वेळ पाव. म्हणजे फवाऱ्यातले सगळ्यात बारीक थेंब मूर्तीपर्यंत पोचण्याआधीच जवळजवळ कोरडे झालेले असू शकतात. एप्रिल-मेची दुपार, ३८ अंश तापमान, गच्चीवर वारा आणि हातभर लांब धरलेला कॅन, असा योग जुळून आला की मूर्तीवर रंगाऐवजी भुकटी बसते. ती पसरत नाही, एकजीव होत नाही, आणि बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखी लागते. २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा असं डब्यावर लिहितात, ते याच हिशेबानं. कडक उन्हाळ्यात मी २० च्याही किंचित आत येतो आणि सकाळी नऊच्या आत काम उरकतो. काही ॲक्रिलिक राळींच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. द्रावक झपाट्यानं उडालं की राळेच्या रेणूंच्या लांब साखळ्या थेंबाला ताणतात आणि मूर्तीवर चक्क कोळ्याची जाळी लटकते.

खरखर ताजी असेल तर जुन्या टूथब्रशनं बरीचशी निघते. उरलेल्या भागावर जाड हात मारून ती झाकायला जाऊ नये. त्यानं मावळ्याच्या मिशा बुजतात, खरखर तशीच राहते.

पांढुरकी झाक हा वेगळा आजार. ती गुळगुळीत असते, नखाला अडत नाही. इंग्लंड-अमेरिकेतून येणारा सल्ला बहुतेक थंडीबद्दल असतो. पुण्यात मुख्य भानगड पावसाळ्याची. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर जो गारवा जाणवतो, तोच ओल्या प्रायमरखाली मूर्तीलाही जाणवतो. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, म्हणजे साध्या हवेतही ते भराभर उडतं आणि जाताना पृष्ठभाग काही अंशांनी गार करतं. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन जमू लागते, तो दवबिंदू. पृष्ठभाग त्याच्या खाली गेला की ओल्या थरावर अदृश्य दव पडतं. राळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ती तिथल्या तिथे गोठते, आणि पाणी निघून गेल्यावर थरात अतिसूक्ष्म पोकळ्या उरतात. त्या प्रकाश विखुरतात, म्हणून थर दुधाळ दिसतो.

इथे सगळेजण आर्द्रतेचा टक्का बघतात. टक्क्यापेक्षा दवबिंदू कामाचा, आणि त्याहूनही कामाचं म्हणजे हवेचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर. समजा जुलैची संध्याकाळ आहे, २५ अंश आणि ९० टक्के. दवबिंदू येतो २३ च्या आसपास. अंतर जेमतेम दोन अंश, आणि तेवढा गारवा ॲसिटोन सहज आणतं. डिसेंबरच्या दुपारी २९ अंश आणि ३० टक्के असतील, तर दवबिंदू १० च्या आसपास, अंतर १९ अंश. तेव्हा बिनधास्त मारा. पण त्याच डिसेंबरात सकाळी सातला १२ अंश आणि ८० टक्के असू शकतात. दवबिंदू नऊच्या जवळ, अंतर पुन्हा तीन-साडेतीन अंश. कोरडा हिवाळा म्हणून निर्धास्त असलेला माणूस इथे फसतो.

दिवसभरात तापमान खूप वरखाली होतं, दवबिंदू मात्र हवा बदलली नाही तर फारसा हलत नाही. म्हणूनच पावसाळ्यातही वाट सापडते. दुपारी पाऊस थांबून २८ अंश झाले आणि दवबिंदू २३ वरच राहिला, तर पाच अंशांचं अंतर हाती येतं. मोठे पूल आणि टाक्या रंगवणारे लोक पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम असावा असा नियम पाळतात. आपल्या कॅनमधलं द्रावक त्यांच्या रंगापेक्षा जास्त चपळ, तेव्हा आपण पाच तरी धरावेत. फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू दिलेला असतो. पण शिवाजीनगरच्या वेधशाळेतला आकडा आणि कोथरूडच्या टेकडीलगतची तुमची गच्ची यांत फरक पडणारच, म्हणून एक साधा आर्द्रतामापक जवळ असलेला बरा. फर्निचरला एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारणारे कारागीर पावसाळ्यात थिनरमध्ये सावकाश उडणारा रिटार्डर मिसळतात, तेही याच कारणानं. बंद कॅनमध्ये ती सोय नाही.

खरं सांगायचं तर प्रायमर थोडा दुधाळ झाला म्हणून आकाश कोसळत नाही. त्यावर रंग येणारच असतो. रडू येतं ते शेवटी मारलेल्या वार्निशला अशी झाक आली की, कारण तोवर महिन्याभराचं काम खाली गाडलं गेलेलं असतं.

थेंब नीट पोचला, ओला राहिला, पसरला, तरी खालचं प्लास्टिक त्याला स्वीकारेल असं नाही. सुटे भाग जोडायच्या किटमधले कडक सैनिक बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. प्रायमरमधलं द्रावक त्यांचा वरचा थर अगदी किंचित मऊ करतं, राळेच्या आणि प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि सुकल्यावर पकड घट्ट बसते. हीच गोष्ट हाताबाहेर गेली की काय होतं, ते थर्माकोलच्या मखरावर स्प्रे मारून बघितलेल्यांना माहीत आहे. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. लोखंडी गेटसाठी केलेल्या स्वस्त कॅनमधली तीव्र द्रावकं जवळून, जाड हातानं मारली, तर मावळ्याच्या चिलखताच्या कड्या वितळून सपाट होतात. त्याला उपाय नाही. म्हणून नवा कॅन आधी किटचे भाग ज्या फ्रेमला जोडून येतात तिच्या उरलेल्या काडीवर मारून बघावा.

पिशवीत डझनावारी मिळणारे लवचिक सैनिक वेगळ्या जातीचे. त्यातले बरेच पॉलिइथिलीनचे असतात. नेहमीच्या तापमानाला कुठलंच साधं द्रावक त्याला मऊ करत नाही, आणि त्याची पृष्ठऊर्जा इतकी कमी की प्रायमरची गत अळवावरच्या पाण्यासारखी होते. सुकल्यावर भाला जरा वाकवला की पोपडे निघतात. प्लास्टिक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एक भरीव तुकडा कापा, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवा आणि चिकटलेले बुडबुडे झटका. तरंगला तर पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर तोच तुकडा मिठाच्या संपृक्त पाण्यात टाका: पॉलिस्टायरीन आणि एबीएस (आणखी एक कडक प्लास्टिक) तिथे तरंगतात, पीव्हीसी बहुधा तिथेही बुडतं. साबणाच्या पाण्यात तरंगणाऱ्यांसाठी मोटारींचे बंपर रंगवताना वापरतात तो प्लास्टिकचा खास प्रायमर आधी लागतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात तो मागितला की मिळतो.

आठवडाभर चिकट राहणारा थर दिसला की संशय मऊ पीव्हीसीवर घ्यावा. ते मऊ असतं कारण त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. स्प्रेमधली द्रावकं ते वर ओढून घेतात आणि प्रायमरची राळही त्यात मऊ होऊन बसते. उन्हात ठेवून, पंख्याखाली ठेवून काही होत नाही, कारण उडून जाण्यासारखं त्यात काही उरलेलंच नसतं. अशा मूर्तींना ब्रशनं पाण्यातला प्रायमर लावावा. रेझिनचा मावळा चिकटत असेल तर मात्र बहुधा प्रायमरच्या आधीच घोळ झालेला असतो: प्रिंट नीट धुतली नाही किंवा अतिनील प्रकाशात पुरती पकवली नाही.

मधेच गोल खळगे पडून तळाचं प्लास्टिक उघडं दिसलं तर तिथे सिलिकॉन किंवा तेल आहे. साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून लावलेलं द्रव्य, गाडीचं पॉलिश, स्वतःच्या केसांना लावलेलं तेल, काहीही चालतं. त्या ठिकाणी पृष्ठताण कमी असतो आणि भोवतालचा जास्त ताणाचा रंग द्रवाला आपल्याकडे खेचून घेतो. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश आणि रात्रभर वाळवण, इतक्यानं हा प्रश्न मिटतो. यातलं रात्रभर वाळवणच लोक गाळतात.

मास्कबद्दल एवढंच: कापडी किंवा एन-९५ मास्क थेंब अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कार्बनचं काडतूस असलेला मास्क लागतो. गच्ची उघडी आहे म्हणून तो टाळू नये, आणि शेजारच्या काकूंच्या दोरीवर कपडे आहेत का तेही बघून घ्यावं.

सगळं करूनही बिघडलं तर रंग उतरवावा लागतो. थिनर आणि ॲसिटोनला हात लावायचा नाही. रंगासोबत पॉलिस्टायरीनही जाईल. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पॉलिस्टायरीनची मूर्ती काही तास बुडवून टूथब्रशनं घासली तर ॲक्रिलिक रंग सुटतो. प्लास्टिकला चावून बसलेला प्रायमर खोबणींत थोडा राहतो, आणि तो गुळगुळीत असेल तर राहू द्यावा. रेझिनची मूर्ती अल्कोहोलमध्ये तासन्‌तास ठेवू नये, ती फुगते आणि बारीक भागांना तडे जातात.