प्रौढांमधला कण्याचा बाक आणि जीवनमानाचं मोजमाप

मोठ्या माणसाच्या पाठीच्या कण्याला बाजूला किंवा पुढे बाक आला की त्याचं रोजचं जगणं किती अडतं, हे त्यालाच प्रश्न विचारून आकड्यात मांडायची पद्धत. बाजूचा बाक म्हणजे स्कोलिओसिस, पुढचा म्हणजे पोक, आणि पन्नाशी-साठीनंतर बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात. काही जणांना बाक लहानपणापासून असतो, तर काहींना मणक्यांमधल्या चकत्या आणि सांधे झिजल्यामुळे उतारवयात येतो.

एक्स-रेवर बाकाचा कोन मोजायची कॉबची पद्धत १९४८ पासून चालत आलीये आणि १० अंशांच्या पुढे स्कोलिओसिस म्हणायचं हेही सगळ्यांना मान्य आहे, पण प्रौढांमध्ये या कोनाचा आणि त्रासाचा मेळ नीट बसत नाही. ४५ अंश असलेली बाई शेतात काम करते आणि २५ अंशवाल्याला भाजी आणायला जाणं जमत नाही, असं दिसतं. ग्लासमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली २९८ रुग्णांचे एक्स-रे आणि त्यांची उत्तरं ताडून पाहिली, तेव्हा बाजूच्या बाकापेक्षा धड पुढे झुकणं जास्त त्रासाचं निघालं. पुढे श्वाबच्या गटाने (२०१३) आकडेही दिले : मानेच्या सातव्या मणक्यातून सोडलेला ओळंबा त्रिकास्थीच्या (कमरेच्या मणक्यांखालच्या त्रिकोणी हाडाच्या) वरच्या मागच्या कोपऱ्यापासून साधारण ४७ मिमी किंवा जास्त पुढे पडला की गंभीर अपंगत्वाची शक्यता वाढते. वयाप्रमाणे ही मर्यादा सैल करावी असं नंतरचे अभ्यासक म्हणतात आणि ते जास्त पटतं, कारण सत्तरीतल्या माणसाचा कणा तिशीतल्यासारखा सरळ करून काय साधणार.

प्रश्नावल्यांमध्ये ओस्वेस्ट्री (ओडीआय) सगळ्यात जुनी. इंग्लंडमधल्या श्रॉपशरमधल्या ओस्वेस्ट्री गावावरून हे नाव आलं. तिचं काम १९७६ च्या सुमारास सुरू झालं असं मानतात, छापून आली १९८० मध्ये, म्हणून काही जण पहिलं साल देतात, काही दुसरं. इथे १९८० धरलंय, कारण वापर तिथूनच सुरू झाला. १० भाग, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज दुप्पट करून टक्के. ० ते २० किरकोळ, ४० च्या वर गेलं की गंभीर. लैंगिक आयुष्याचा भाग लोक बरेचदा कोरा सोडतात, मग उरलेल्या भागांवरून टक्के काढतात.

दुसरी एसआरएस-२२, आणि हिची वंशावळ जरा गुंतागुंतीची आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीच्या नावाने १९९९ मध्ये हाहेर आणि सहकाऱ्यांनी २४ प्रश्नांची आवृत्ती काढली, ती किशोरवयीन मुलामुलींसाठी. तिच्यातले शेवटचे ९ प्रश्न ऑपरेशन झालेल्यांनाच लागू, त्यामुळे आधी-नंतरची तुलना पूर्ण होईना. अ‍ॅशर आणि मंडळींनी मग टप्प्याटप्प्याने ती बदलली, मानसिक आरोग्याचे प्रश्न एसएफ-३६ या सर्वसाधारण आरोग्याच्या प्रश्नावलीवरून आणले, काही काढले, आणि २००३ च्या आसपास २२ प्रश्नांची आवृत्ती पक्की झाली. तिच्यातही कामकाजाचा भाग डळमळीत निघाला म्हणून १५ वा आणि १८ वा प्रश्न बदलून २००६ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिला शेवटी 'आर' लावतात. शिवाय २४ आणि २२ एकत्र करून ३० प्रश्नांचीही एक आहे. जुने पेपर वाचताना कुठली आवृत्ती वापरलीये हे बघितल्याशिवाय गुणांची तुलना करू नये, हे फार जण विसरतात. कामकाज, वेदना, स्वतःचं रूप, मन यांचे पाच-पाच प्रश्न आणि उपचाराबद्दल समाधानाचे दोन; १ वाईट, ५ चांगलं. मुलांसाठी बनलेली ही मोठ्यांना चालते का हा वाद होता, ब्रिडवेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये चालते असा निष्कर्ष दिला आणि आता बहुतेक तोच मानतात.

फरक किती पडला की रुग्णाला खरंच बरं वाटलं म्हणायचं, यावर एकमत नाही. ओस्वेस्ट्रीसाठी कुणी १० गुण धरतं, कुणी १२.८, अमेरिकेचं औषध प्रशासन १५. इथे १० कडे कल आहे, तोही पहिला आकडा किती होता ते बघून.

ऑपरेशन की बिनऑपरेशन, याचा मोठा अभ्यास उत्तर अमेरिकेत झाला (केली आणि सहकारी, २०१९) : ६३ जण चिठ्ठी पद्धतीने विभागलेले, २२३ जण स्वतःच्या निवडीने. मोजमाप एसआरएस-२२ आणि ओस्वेस्ट्रीवरच. चिठ्ठीने बिनऑपरेशन गटात गेलेल्यांपैकी ६४ टक्के दोन वर्षांत ऑपरेशनकडे वळले, त्यामुळे मूळ गटांप्रमाणे हिशोब केला तर फरक ठरेना, प्रत्यक्ष झालेल्या उपचाराप्रमाणे केला तर ऑपरेशनवाले बरेच पुढे.

ओस्वेस्ट्रीचं मराठी रूप (आवृत्ती २.१ए) तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, मराठी रुग्णांसाठी ही मोठीच सोय. पण मूळ प्रश्नावलीत बसण्याचा प्रश्न खुर्चीबद्दलच आहे, कुठल्याही खुर्चीत हवं तितका वेळ बसू शकतो इथपासून. मांडी घालून जेवायला बसणं, उकिडवं बसणं, भारतीय संडास यांचा त्यात उल्लेख नाही. आणि बाकाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये कमरेपासून वरपर्यंत मणके स्क्रू-सळयांनी जखडले की वेदना कमी होते पण वाकणं संपतं, म्हणजे गुण सुधारलेले आणि माणूस जमिनीवर बसू शकत नाही असं होऊ शकतं. हा ताठरपणा वेगळा मोजायला २०१३ च्या सुमारास अमेरिकेत १० प्रश्नांचा एक निर्देशांक निघाला, त्यात मोजे-पायजमा चढवणं आणि शौचानंतरची स्वच्छता असे प्रश्न आहेत. आपल्याकडे ऑपरेशनआधी निदान हे तोंडी तरी विचारायलाच हवं.